मराठी सबरेडिटच्या मॉडरेटरांना खुले पत्र: यंत्र कुणाचेही चालेल, पत्ता आपला हवा

स. न. वि. वि.

शहरांचे, भाषेचे, खाण्याचे, सिनेमाचे असे रेडिटवरचे मराठी समूह (सबरेडिट) तुम्ही सांभाळता. त्यासाठी कुणी पगार देत नाही. तरीही रोज रात्री रिपोर्टची रांग उपसता, शिवीगाळ काढता, त्याच त्या प्रश्नांना कंटाळून विकीची पाने लिहून ठेवता. या कामाबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे, म्हणूनच हे पत्र थेट तुम्हाला. आम्ही लेमी (रेडिटसारख्या चर्चांसाठी) आणि मॅस्टोडॉन (ट्विटरसारख्या छोट्या पोस्टसाठी) या मुक्त प्रणालींचे छोटे सर्व्हर चालवतो. समूह फेडिव्हर्सवर, म्हणजे आपसात बोलणाऱ्या अशा स्वतंत्र सर्व्हरांच्या जाळ्यावर, न्यायचा विचार तुमच्यापैकी अनेकांच्या मनात येऊन गेला असेल. तो कसा न्यावा आणि कुठे गाडी अडते, ते इथे मांडतो.

आधी २०२३ ची उजळणी. रेडिटने त्या वर्षी एपीआयचे, म्हणजे बाहेरच्या ॲपना रेडिटवरचा मजकूर मिळण्याच्या सोयीचे, दर जाहीर केले: ५ कोटी विनंत्यांना सुमारे १२,००० डॉलर. रेडिट वाचण्याच्या अपोलो या एकट्या ॲपचा हिशेब वर्षाला २ कोटी डॉलरच्या आसपास जात होता. १२ जूनपासून हजारो सबरेडिट निषेधात बंद ठेवली गेली. कंपनीने दर बदलला नाही. ३० जूनला अपोलो बंद झाले, आणि जे मॉडरेटर दारे उघडेनात त्यांना ‘उघडा, नाहीतर दुसरे नेमू’ असे सांगण्यात आले. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलशी मजकूर पुरवण्याचा करार जाहीर झाला आणि मार्चमध्ये कंपनी शेअर बाजारात आली. यात बेकायदा काहीच नव्हते. जागा त्यांची आहे. चावी आपल्याकडे कधीच नव्हती, एवढेच २०२३ च्या जूनमध्ये स्पष्ट दिसले.

मराठी माणसाला हा अनुभव नवा नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले, याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० ला, कू जुलै २०२४ मध्ये. प्रत्येक वेळी माणसे पुन्हा कुठेतरी भेटली, पण लिहिलेले गेले. उलट मायबोली १९९६ पासून स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पत्त्यावर उभी आहे.

त्यामुळे आमचे मुख्य म्हणणे सर्वात आधी सांगतो. स्थलांतराची सुरुवात सर्व्हरपासून करू नका, ॲपपासून तर नाहीच. सुरुवात डोमेन नावापासून, म्हणजे साइटच्या इंटरनेटवरच्या पत्त्यापासून, करा. लेमीवर समूहाचा पत्ता उद्गारचिन्ह, समूहाचे नाव, ॲट आणि सर्व्हरचे डोमेन असा असतो, आणि तो एकदा इतर सर्व्हरवर पोचला की बदलता येत नाही. प्रत्येक पोस्ट, प्रत्येक कमेंट, प्रत्येक सदस्यत्व त्या डोमेनला बांधलेले असते. यंत्र बदलता येते, होस्टिंग कंपनी बदलता येते, देशही बदलता येतो. डोमेन तेवढे बदलता येत नाही. मॅस्टोडॉनवर निदान अनुयायी नव्या खात्यावर नेता येतात. लेमीवर सदस्याला आपल्या सदस्यत्वांची आणि ब्लॉक केलेल्यांची यादी फाइलमध्ये काढून दुसरीकडे भरता येते, पण समूह उचलून नेण्याची सोय नाही.

हे किती महाग पडते ते दिसून चुकले आहे. व्लेमी नावाचा सर्व्हर जुलै २०२३ मध्ये काही न सांगता नाहीसा झाला. त्याच महिन्यात माली देशाने डॉट एमएल नावांचा ताबा परत घेतला आणि एका मोठ्या समूहाचा पत्ता रातोरात गेला. यंत्र चालू, डेटा शाबूत, पण पत्ताच नाही. जर्मन भाषकांचा फेडिट डॉट डीई २०२४ मध्ये कोलमडला आणि लोकांना नव्या डोमेनवर शून्यापासून बसावे लागले. लेम डॉट ईई हा मोठा, नीट चालवलेला सर्व्हर. चालवणारे थकले आणि जून २०२५ अखेर त्यांनी तो रीतसर सूचना देऊन बंद केला. तिथल्या समूहांना सभ्यपणे का होईना, घर सोडावेच लागले. म्हणून ‘सध्या कुठल्यातरी मोठ्या सर्व्हरवर समूह उघडू, मग बघू’ हा सल्ला आम्ही देत नाही. ते मग कधी येत नाही.

डोमेन घेताना फुकटचे किंवा दूरदेशीचे गोड दिसणारे टोक टाळा. डॉट इन, डॉट ऑर्ग पुरे. डॉट भारत हे देवनागरी टोक २०१४ पासून मिळते आणि मोह होतो, पण सर्व्हर आपसात बोलताना ते नाव रोमन संकेतात वळवतात आणि काही ॲप व काही सर्व्हर तिथे अडखळतात. मुख्य पत्ता रोमन ठेवा आणि देवनागरी नावावरून तिकडे वळवा. समूहाच्या पत्त्यातले नावही लहान रोमन अक्षरांत ठेवा. वर दिसणारे नाव देवनागरीत देता येते. डोमेन ५ वर्षांसाठी एकदम घ्या आणि खात्याचे लॉगिन निदान ३ विश्वासू माणसांकडे, दुहेरी पडताळणीसह असू द्या. नूतनीकरण कार्डावरून आपोआप होईल या भरवशावर राहू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आवर्ती पैशांचे नियम लागू आहेत आणि परदेशी कंपन्यांकडचे आपोआप भरणे भारतीय कार्डांवर अनेकदा अडकते. मेल कुणाच्या तरी जुन्या खात्यात जाते, कुणी पाहत नाही, आणि पत्ता सुटतो. कॅलेंडरमध्ये दोन जणांनी आठवण लावून ठेवावी.

आता यंत्र. काही हजार सदस्यांपर्यंत २ कोअर, ४ जीबी रॅम आणि ८० जीबी डिस्कचा भाड्याचा सर्व्हर पुरतो. महिन्याला हजार-दीड हजार रुपये धरून चाला. लेमी सहसा डॉकर कंपोजने उभी करतात; ते अनेक प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये (डब्यांत) एकत्र चालवते. त्यात मागचा लेमी (मुख्य काम करणारा), पुढचा लेमी-यूआय (पाने दाखवणारा), चित्रांसाठी पिक्ट-आरएस, पोस्टग्रेस डेटाबेस आणि या सगळ्यांपुढे, आलेली विनंती योग्य जागी पाठवणारे, एनजिनएक्स असते. ही जोडणी कागदावर सोपी दिसते, आणि तीत एक चूक फार वेळा होते. लेमीच्या एकाच पत्त्यावर दोन प्रकारचे पाहुणे येतात: ब्राउझर आणि दुसरे सर्व्हर. विनंतीच्या ‘ॲक्सेप्ट’ शीर्षकात ॲक्टिव्हिटी-जेसॉन (सर्व्हर आपसात वापरतात तो मजकुराचा साचा) लिहिलेले असेल तर ती मागच्या लेमीकडे जायला हवी, नाहीतर यूआयकडे. एनजिनएक्समधला हा फाटा चुकला की साइट ब्राउझरमध्ये झकास उघडते, तुम्ही पोस्ट टाकता, सगळे छान दिसते, पण बाहेरच्या एकालाही समूह सापडत नाही. तपासायला कर्ल या आज्ञेने समूहाचा पत्ता त्या शीर्षकासह मागवा. उत्तरात महिरपी कंसाने सुरू होणारे जेसॉन आले पाहिजे. एचटीएमएल आले तर फाटा चुकला आहे.

दुसरी अडचण, साइटपुढे बसून हल्ले अडवणाऱ्या क्लाउडफ्लेअरसारख्या ढालीची. ‘तुम्ही माणूस आहात का’ ही तपासणी ती दुसऱ्या सर्व्हरलाही विचारते, आणि सर्व्हर तर माणूस नाहीच. इतर सर्व्हरांचे निरोप ज्यावरून येतात तो इनबॉक्सचा मार्ग या तपासणीतून वगळा. तिसरी, घड्याळ. सर्व्हरांमधल्या प्रत्येक निरोपावर सही असते आणि तिच्यात वेळ असते. घड्याळ बरेच मागेपुढे गेले की समोरचा सही नाकारतो. घड्याळ जुळवणारे क्रोनी चालू आहे ना, एवढे पाहा. चौथी, ईमेल. अनेक होस्टिंग कंपन्या २५ क्रमांकाचे पोर्ट बंद ठेवतात, त्यामुळे नोंदणीची मेल जातच नाहीत आणि लोक म्हणतात ‘साइट चालत नाही’. ५८७ पोर्टवरून एखादी मेल सेवा वापरा, मेल तुमच्याच डोमेनची आहे हे दाखवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी डोमेनमध्ये भरा.

मुंबईत सर्व्हर ठेवावा की युरोपात, असा प्रश्न नेहमी येतो. जुन्या लेमीत निरोप एकामागून एक जायचे: पोच आली की पुढचा. त्यामुळे ऑस्ट्रेलियातले सर्व्हर युरोपातल्या लेमी डॉट वर्ल्ड या मोठ्या सर्व्हरच्या कित्येक तास मागे पडत. निरोपाच्या जाण्यायेण्याला पाव-तृतीयांश सेकंद लागत असेल तर सेकंदाला तीन-चारच निरोप जातील, त्याला इलाज नव्हता. ०.१९.६ आवृत्तीपासून एकाच वेळी अनेक निरोप पाठवण्याची सोय झाली. म्हणजे मुंबईत ठेवायला हरकत नाही, फक्त आवृत्ती ताजी हवी आणि पाठवणाऱ्या सर्व्हरवर ही सोय चालू केलेली हवी.

बॅकअपवर जरा थांबतो, कारण इथली चूक भरून निघत नाही. डेटाबेसची प्रत रोज काढा, ७ रोजच्या आणि ४ आठवड्याच्या प्रती ठेवा, आणि त्या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर ठेवा. चित्रांचा फोल्डर वेगळा असतो, तोही घ्या. बॅकअप हा केवळ मजकुरासाठी नाही. प्रत्येक खात्याची आणि समूहाची सही करण्याची खासगी किल्ली त्याच डेटाबेसमध्ये असते. डेटाबेस गेला आणि त्याच डोमेनवर कोरा सर्व्हर उभा केला, तर इतर सर्व्हरांकडे जुनी किल्ली नोंदलेली असते आणि ते नव्या सह्या मानत नाहीत. डोमेन हातात असूनही समूह मुका होतो. म्हणून दर ३ महिन्यांनी एकदा प्रत दुसऱ्या यंत्रावर उभी करून पाहा. हे करताना त्या यंत्राचा बाहेरचा संपर्क बंद ठेवा, नाहीतर एकाच नावाने दोघे बोलायला लागतील. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती कंपोज फाइलमध्ये नुसता आकडा बदलून वाढवू नका. तो कंटेनर जुना डेटा उघडतच नाही. आधी प्रत काढायची, मग नव्यात भरायची.

हे सगळे तुम्हीच करायला हवे असे नाही. डोमेन तुमचे असेल तर यंत्र एखाद्या व्यवस्थापित होस्टिंगवाल्याकडे किंवा ओळखीच्या ॲडमिनकडे द्या. रोजची डेटाबेसची प्रत आपल्याला मिळेल, एवढी अट घाला. पटले नाही तर डोमेनची नोंद दुसरीकडे वळवायची आणि प्रत भरायची. सदस्यांना फरक कळणारही नाही. हे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या डोमेनवर मिळत नाही.

लेमीऐवजी पीफेड ही तशीच दुसरी प्रणाली घ्यावी का? घ्या, तीही ॲक्टिव्हिटीपब ही फेडिव्हर्सची सामाईक भाषाच बोलते आणि लेमीच्या समूहांशी जुळते. मॉडरेशनच्या सोयी त्यात जास्त आहेत. मॅस्टोडॉन चर्चेच्या धाग्यांसाठी नाही.

आता मराठीचे प्रश्न, ज्यांबद्दल इंग्रजी मार्गदर्शिकांत काही सापडणार नाही. लेमीत सर्व्हर, समूह आणि सदस्य या तिघांच्या भाषा वेगवेगळ्या निवडायच्या असतात. सदस्याने उत्साहाने फक्त ‘मराठी’ निवडले आणि ‘अनिर्धारित’ निवडायचे राहिले, तर ज्या पोस्टना भाषा लावलेली नाही त्या सगळ्या त्याच्यापुरत्या गायब होतात. बहुतेक लोक भाषा लावतच नाहीत. ‘समूह ओसाड दिसतो’ ही तक्रार आली की आधी हे पाहा. उलट समूहाला फक्त मराठी लावली तर भाषा न निवडता पाठवणाऱ्याला नकार मिळू शकतो. समूहाला मराठी, इंग्रजी आणि अनिर्धारित अशा तिन्ही लावा.

शीर्षकाला २०० अक्षरांची मर्यादा आहे, पण मोजणी संगणकाच्या हिशेबाने होते. ‘क्षत्रिय’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. संगणकाला तो आठ वाटतो, कारण प्रत्येक हलन्त आणि वेलांटी वेगळी मोजली जाते. त्यामुळे मराठी शीर्षक अपेक्षेपेक्षा बरेच आधी अडते. नियमांत ‘शीर्षक एका ओळीचे’ असे लिहून टाका.

शोध आणि शब्दगाळणी इथे खरी कसोटी लागते. ‘वाऱ्यावर’ मधला अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो: एका कीबोर्डवरून ‘ऱ’ला हलन्त लावून, दुसऱ्यावरून साध्या ‘र’ला हलन्त आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्याला दोन्ही सारखे, शोधाला दोन वेगळे शब्द. ‘ॲप’चेही तसेच: कुणी एक अखंड ॲ टंकतो, कुणी अ वर चंद्र चढवतो. शिव्यांची गाळणी लावताना प्रत्येक शब्दाची दोन्ही रूपे भरा, शिवाय रोमन लिपीतली. शक्य असेल तर आत येणारा मजकूर एकाच रूपात वळवणारा छोटा बॉट ठेवा. रेडिटच्या ऑटोमॉडरेटरची नियमफाइल लेमीत चालत नाही, तिचे काम बॉटलाच करावे लागेल.

मॉडरेशनबद्दल तीन गोष्टी सदस्यांना पहिल्याच दिवशी सांगा. मॉडरेटरने काय काढले, कुणाला बंदी घातली याची नोंद सर्वांना दिसते. मते गुप्त नसतात, इतर सर्व्हरच्या ॲडमिनना ती दिसू शकतात. आणि पोस्ट पुसली की पुसण्याचा निरोप सगळीकडे जातो, पण प्रत्येक सर्व्हर तो पाळेलच याची हमी नाही. खासगी निरोपही कूटबद्ध नसतात. ज्या समूहांत लोक आजार, घरगुती छळ, जात यांबद्दल बोलतात, तिथे हे ठळक लिहिलेच पाहिजे.

नोंदणी खुली सोडू नका. जून २०२३ मध्ये बीहॉ या लेमी सर्व्हरने लेमी डॉट वर्ल्डसह दोन मोठ्या सर्व्हरांशी संबंध तोडले, कारण तिथली नोंदणी सताड उघडी होती आणि बीहॉचे मोजके मॉडरेटर तिकडून येणारा त्रास निस्तरू शकत नव्हते. ईमेल पडताळणी आणि ‘का यायचे आहे’ हा एक प्रश्न ठेवा. उत्तर मराठीत मागितले की बरेचसे बॉट तिथेच गळतात. चित्रे चढवणे पहिले काही महिने बंद ठेवा, एनजिनएक्समध्ये तो मार्ग अडवता येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये लेमीवर बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे टाकून हल्ला झाला आणि लेमी डॉट वर्ल्डला एक मोठा समूह बंद करावा लागला. दुसऱ्या सर्व्हरवरच्या चित्रांची लघुरूपेही तुमच्या डिस्कवर साठतात. लेमीच्या मांडणी-फाइलमधल्या पिक्ट-आरएसच्या भागात ती साठवण बंद करा. याने जागाही वाचते, पण मुख्य कारण कायद्याचे आहे: असे चित्र तुमच्या यंत्रावर असले तर जबाबदार तुम्ही ठरू शकता. आढळल्यास राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर कळवा.

भारतातून चालवणार असाल तर माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ नुसार तुम्ही ‘मध्यस्थ’ ठरता. तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क साइटवर हवा. काही तक्रारींवर तासांच्या हिशेबाने कारवाई करायची असते, आणि या मुदती बदलत आल्या आहेत, म्हणून सध्या लागू असलेले नियम वाचा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व्हरवरची घुसखोरी ६ तासांत कळवायची आणि लॉग (सर्व्हरच्या कामाच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे. निदान दोघे जण आळीपाळीने मेल पाहणारे हवेत. एकट्याने सर्व्हर चालवू नये, असे आम्ही म्हणतो ते याच कारणाने.

जुन्या मजकुराचे काय? विकीची पाने आणि नियम तुम्ही लिहिलेले आहेत. ते मार्कडाउनमध्येच (साध्या चिन्हांनी मजकूर मांडायच्या पद्धतीत) आहेत, जसेच्या तसे लेमीत बसतात. सदस्यांच्या पोस्ट मात्र सदस्यांच्या आहेत. त्या खरवडून आणू नका. रेडिटच्या कुठल्याही यादीत मागच्या सुमारे १,००० पोस्टपलीकडे जाताही येत नाही. ज्यांचे लेख मोलाचे आहेत त्यांना विचारा. प्रत्येकाला आपला सगळा मजकूर रेडिटकडून मागवता येतो, अर्ज केल्यावर ३० दिवसांच्या आत फाइल येते. त्यातून लेखकाने स्वतः, स्वतःच्या खात्यावरून, मूळ तारीख लिहून टाकावे.

आणि बॉटने रेडिटचे धागे नव्या घरी ओतू नका. २०२३ मध्ये हे पुष्कळांनी केले. शेकडो धागे आले, खाली एकही कमेंट नाही, कारण प्रश्न विचारणारा तिथे नव्हताच. लोक येऊन पाहून परत गेले. त्यापेक्षा १५ माणसे अशी शोधा जी ९० दिवस, दिवसाआड एक पोस्ट किंवा चार कमेंट, सगळे नव्या जागी आधी लिहितील. आठवड्याचे ठरलेले धागे तिकडे हलवा: भाड्याच्या घरांचा, पुस्तकांचा, ‘हा शब्द तुमच्याकडे काय म्हणतात’चा. रेडिटवर फक्त दुवा द्या. सबरेडिट बंद करू नका, जुन्या पोस्ट पुसू नका. गूगलवरून येणारा नवा माणूस आधी तिथेच पोचतो, आणि पिन केलेली पोस्ट त्याला पुढचा रस्ता दाखवते.

त्या पोस्टमध्ये फेडिव्हर्स समजावून सांगू नका. एक दुवा, एक ॲप (व्हॉयेजर अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालते), तीन चित्रे. इतर सर्व्हरवर आधीच खाते असलेल्यांसाठी एक ओळ: पूर्ण पत्ता शोधात टाका, काही सेकंद थांबा, सदस्य व्हा. त्या सर्व्हरवरचा तो पहिलाच सदस्य असेल तर जुन्या पोस्टपैकी मोजक्याच आणि बहुधा कमेंटशिवाय दिसतील; नवे मात्र त्या क्षणापासून येत राहील. ‘सदस्यत्व प्रलंबित’ असे अडकले तर काढून पुन्हा दाबावे.

आमची विनंती एवढीच आहे. पुढच्या आठवड्यात तुमच्या मॉडरेटर मंडळींत डोमेनचे नाव ठरवा, घ्या, आणि कोणत्या तीन माणसांकडे ते राहील हे लिहून ठेवा. सर्व्हर दोन महिन्यांनी उभा केला तरी चालेल. आणि जाहीर करण्याआधी, तुमच्या सर्व्हरशी संबंध नसलेल्या कुणाला तरी त्याच्या खात्यावरून समूहाचा पूर्ण पत्ता शोधायला सांगा, एक कमेंट टाकायला सांगा, आणि ती तुमच्याकडे दिसते का पाहा. दिसली की दार उघडा.

आपले,
मराठी समूहांसाठी सर्व्हर चालवणारे काही जण